फुग्यांची वाकळ : भरलेल्या चौकोनांचे दुपटे हाताने कसे शिवावे

साताऱ्याकडे जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून, कडेपासून मध्याकडे धावदोऱ्याने शिवत नेलेल्या पांघरुणाला वाकळ म्हणतात. तेच पुण्याकडे गेले की गोधडी होते. या लेखात जिची कृती दिली आहे ती वाकळ मात्र निराळ्या घडणीची आहे. तिच्यात अंगभर थर नसतात. कापडाचे लहान चौकोन एकेक करून भरायचे, ते एकमेकांना जोडत जायचे आणि शेवटी पाठीमागे अस्तर लावायचे, अशी तिची रीत आहे. पाश्चात्त्य देशांत या प्रकाराला पफ क्विल्ट किंवा बिस्किट क्विल्ट म्हणतात. अशा एका भरलेल्या चौकोनाला मी पुढे सर्वत्र फुगा म्हटले आहे, कारण आमच्या घरात मुलांनी त्याला तेच नाव दिले आणि ते टिकले.

ज्याला धावदोरा घालता येतो त्याला ही वाकळ शिवता येते. शिलाई मशीनची गरज नाही, आणि एक फुगा तळहाताएवढा असल्यामुळे सुरुवातीचे काम पिशवीत घालून कुठेही नेता येते. मात्र सुई हातात घेण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण पुढची सगळी कृती तिच्यावर उभी आहे. प्रत्येक फुग्याला दोन चौकोन असतात. खालचा लहान असतो, वरचा मोठा असतो. मोठ्याच्या कडांना चुण्या घालून तो लहानाच्या मापात बसवला की मधले कापड आपोआप वर उचलले जाते. फुगीरपणा येतो तो मापांच्या या फरकातून. भरण केवळ ती उचललेली जागा धरून ठेवते.

माझी पहिली वाकळ हे न कळल्यामुळेच बिघडली. वरचा चौकोन मी जेमतेम अर्धा इंच मोठा कापला होता आणि फुगे गुबगुबीत दिसावेत म्हणून पिंजलेला कापूस बोटाने दाबून दाबून भरला होता. वर जागाच नसल्यामुळे कापूस खालच्या बाजूनेही फुगला, वाकळीची पाठ खडबडीत झाली आणि फुगे जोडताना ताण पडून टाके उसवू लागले. माझ्या सासूबाई कोरेगाव तालुक्यातल्या. वाकळी शिवण्यात त्यांचा हात चांगला बसलेला होता. त्यांनी एक फुगा अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "एवढा कोंबलायस कशाला? त्याला हलाया जागा तरी ठेव." तेव्हापासून मी भरण वजन करून घालते, आणि नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकीलाही तेच सांगते.

येथे दिलेली मापे ३२ इंच रुंद व ४० इंच लांब अशा लहान मुलाच्या दुपट्याची आहेत. त्यासाठी आडवे ८ आणि उभे १०, म्हणजे एकूण ८० फुगे लागतात. रोज तासभर बसले तर दीड-दोन महिन्यांत ते पुरे होते. एवढा धीर निघेल की नाही अशी शंका असेल, तर आधी ३ बाय ३ अशा नऊ फुग्यांचे आसन करून पाहावे. कृती तीच आहे. एक सूचना मात्र येथेच द्यावीशी वाटते. वर्षाच्या आतील बाळाच्या झोपण्याच्या जागी मऊ, फुगीर पांघरुणे ठेवू नयेत, कारण नाकातोंडावर आल्यास बाळाचा श्वास कोंडू शकतो. तेवढ्या लहान बाळासाठी हे दुपटे जमिनीवर अंथरावे, त्यावर बाळाला जागेपणी आणि मोठ्या माणसाच्या देखत खेळू द्यावे.

साहित्य

वरच्या चौकोनांसाठी पातळ पण घट्ट विणीचे सुती कापड सर्वांत चांगले. पॉपलीन, सुती ब्लाउज पीस, जुने सुती सदरे, इरकलीचे न विरलेले भाग हे सगळे चालते. ओटीत आलेले ब्लाउज पीस घरोघरी साठलेले असतातच. ८० सेंटिमीटरच्या एका पिसातून सहा इंचांचे साधारण २५ चौकोन निघतात, तेव्हा पाच वेगवेगळ्या पिसांतून प्रत्येकी १६ चौकोन घेतले तरी काम भागते आणि थोडे कापड उरतेही. विकतच घ्यायचे असेल तर साताऱ्यात खणआळीत किंवा राजपथावरच्या कापड दुकानांत शिल्लक तुकडे विचारावेत, आणि ओळखीच्या शिंप्याकडे कातरण ठेवायला सांगावे. टेरिकॉट आणि सॅटिन टाळावे. ते हातात घसरते, आणि त्याची चुणी बोटाने दाबून बसत नाही. खणाचे कापड दिसायला सुंदर असते, परंतु ते जाड असल्यामुळे दोन चुण्या एकत्र आल्या की सुई जाता जात नाही. हौस म्हणून चार-सहा चौकोन घालावेत, सगळी वाकळ खणाची करू नये.

खालच्या चौकोनांसाठी मांजरपाट घ्यावा. तो दिसत नाही, स्वस्त असतो आणि आकार धरून ठेवतो. ३६ इंच पन्ह्याचा दोन मीटर मांजरपाट पुरतो. नव्या मांजरपाटाला खळ असते आणि तो पहिल्या धुण्यात आटतो, म्हणून रात्रभर पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच कापायला घ्यावा. वरची कापडेही एकदा धुऊन घ्यावीत. लाल, जांभळ्या आणि गडद हिरव्या रंगांची परीक्षा वेगळी करावी: पांढरे फडके ओले करून त्या कापडावर घासावे आणि रंग लागला तर तो तुकडा बाजूला ठेवावा. रंग जाणारा एक तुकडा त्याच्या शेजारचे चारही फुगे खराब करतो, आणि वाकळ जोडून झाल्यावर त्यावर इलाज नसतो.

भरणाबाबत माझे मत स्पष्ट आहे: जी वाकळ वरचेवर धुवावी लागणार तिच्यात उशांमध्ये भरतात तो फायबर घालावा. पिंजलेला कापूस उबेला आणि स्पर्शाला सरस असतो, हे मला मान्य आहे. परंतु तो पाणी धरतो, ओला झाला की जड होतो आणि सुकल्यावर त्याच्या गुठळ्या होतात. जुन्या वाकळीत धावदोरा जागोजागी थर पकडून ठेवतो. फुग्यात तशी पकड नसल्यामुळे कापूस एका कोपऱ्यात जाऊन बसतो. सावरीचा कापूस तर इतका तलम की विणीतून बाहेर येतो, आणि तो धुताही येत नाही. चिंध्या भरलेली वाकळ वजनदार होते आणि लवकर वाळत नाही. थोडक्यात, ८० फुग्यांसाठी अर्धा किलो फायबर आणावा.

याशिवाय मध्यम लांबीच्या बारीक सुया, बोटाला बसणारे अंगुस्तान, टाचण्या, धारदार कात्री, पक्क्या दोऱ्याची रिळे, शिंप्याचा खडू आणि मेणाचा तुकडा लागतो. दोरा मेणावरून एकदा ओढून घेतला की तो पिळा खात नाही. ओवलेला दोरा हातभरच असावा. लांब दोऱ्याने वेळ वाचतो असे वाटते, पण तो गुंततो आणि कापडातून वारंवार ओढला जाऊन शेवटी विरतो. किती टाचण्या काढल्या ते मोजून ठेवावे आणि उठताना तेवढ्याच परत डबीत मोजून घालाव्यात. भरणात राहिलेली टाचणी बाहेरून दिसत नाही.

आधी तीन नमुने

सगळे कापड कापण्याच्या आधी एक संध्याकाळ या प्रयोगाला द्यावी. पाच इंचांचे तीन चौकोन मांजरपाटातून कापावेत. वरच्या कापडाचे तीन चौकोन मात्र साडेपाच, सहा आणि सात इंचांचे घ्यावेत. तिन्ही फुगे शिवून प्रत्येकात सारखाच, सहा ग्रॅम फायबर घालावा. साडेपाचाचा फुगा टणक आणि चपटा होतो, तर सहाचा गोलसर उचलतो आणि दाबल्यावर परत वर येतो. साताचा फुगा मोठा होतो खरा, पण त्याचे कापड सैल पडून सुरकुतते आणि एका कडेला एका चुणीने भागत नाही. तिन्ही फुगे शेजारी ठेवून बोटाने दाबून पाहिले की मापाच्या फरकाने काय घडते ते जेवढे कळते, तेवढे वाचून कळणार नाही. पुढची कृती सहा आणि पाच इंचांच्या मापाने दिली आहे. शिवणीसाठी चारही बाजूंनी अर्धा इंच माया जाते, म्हणून तयार फुगा वाकळीत चार इंचांचा दिसतो.

कापणे

सहा आणि पाच इंचांचे दोन साचे जाड पुठ्ठ्याचे करावेत आणि प्रत्येक बाजूच्या बरोबर मध्यावर खूण करावी. पुठ्ठ्याच्या कडा आखून आखून झिजतात व माप हळूहळू कमी होते, म्हणून वीस-पंचवीस चौकोनांनंतर साचा पट्टीने तपासावा किंवा नवा करावा. कापडाचा काठ कापून टाकावा, कारण काठ वेगळा आटतो. साचा कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याला धरून ठेवावा. उरेब, म्हणजे धाग्याला तिरका, पडलेला चौकोन हातात ताणला जातो आणि शिवताना त्याचे चार कोपरे जुळत नाहीत. आखायला खडू किंवा पेन्सिल वापरावी, बॉलपेन वापरू नये. कापून झाल्यावर सगळे चौकोन जमिनीवर मांडून रंगांची जुळणी पाहावी, आणि मनासारखी झाली की मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवावा. मग ओळीओळीने चौकोन गोळा करून प्रत्येक ओळीला क्रमांकाची चिठ्ठी टाचावी.

चुण्या

या वाकळीचे सौंदर्य आणि तिचा टिकाऊपणा दोन्ही चुणीत आहेत, म्हणून येथे घाई करू नये.

खालचा चौकोन समोर सपाट ठेवावा. त्यावर वरचा चौकोन सुलट बाजू आपल्याकडे येईल असा ठेवावा, म्हणजे दोघांच्या उलट बाजू आतल्या बाजूला येतील. प्रथम चारही कोपरे तंतोतंत जुळवून टाचण्या लावाव्यात. आता वरचे कापड प्रत्येक कडेला एक इंच जास्त उरेल आणि मध्ये फुगून येईल. ते जास्तीचे कापड कडेच्या मध्यावरील खुणेपाशी चिमटीत धरावे, त्याची एकच चुणी करावी आणि ती एका बाजूला निजवून टाचणी लावावी. चुणी निजवण्याची दिशा ठरलेली असावी. फुगा समोर धरून घड्याळाचे काटे ज्या दिशेने फिरतात त्या दिशेने चारही चुण्या निजवाव्यात: वरच्या कडेची उजवीकडे, उजव्या कडेची खाली, खालच्या कडेची डावीकडे आणि डाव्या कडेची वर.

या शिस्तीचा उपयोग जोडताना कळतो. दोन फुगे शेजारी जोडले की पहिल्याची उजवी कड आणि दुसऱ्याची डावी कड एकत्र येतात. पहिल्याची चुणी मध्याच्या खाली निजलेली असते, दुसऱ्याची मध्याच्या वर. दोन्ही जाड भाग एकमेकांवर न येता एकमेकांशेजारी बसतात आणि सुई सहज पार होते. चुण्या जशा पडतील तशा घातल्या तर आठ थर एकाच ठिकाणी साठतात, तिथे टाका मोठा पडतो, आणि नेमका तोच पुढे उसवतो. शिकायला आलेल्या मुलींच्या हातात मी अनेकदा पाहिले आहे की पहिले दहा फुगे दिशा पाळून होतात आणि अकराव्यापासून गप्पांच्या भरात चुणी कुठेही वळते. म्हणून वरच्या कडेला खडूची एक बारीक खूण ठेवावी आणि प्रत्येक फुगा त्याच खुणेपासून सुरू करावा.

आता वरची, डावी आणि उजवी अशा तीन कडा शिवाव्यात. शिवण कडेपासून पाव इंचावर घालावी, म्हणजे पुढे अर्ध्या इंचावर होणाऱ्या जोडशिवणीच्या आड ती लपून जाईल. येथे साधा धावदोरा पुरतो. इंचाला चार-पाच टाके ठीक आहेत, फक्त चुणीवर एक उलटी टीप घ्यावी, म्हणजे सुई एक टाका मागे घालून त्याच जागेवरून पुन्हा पुढे काढावी. खालची कड उघडी ठेवावी. तिच्या दोन कोपऱ्यांच्या टाचण्या तशाच असू द्याव्यात.

काही जणी चारही कडा शिवून टाकतात, मांजरपाटाला मागून चीर देऊन भरण घालतात आणि ती चीर मोठ्या टाक्यांनी बंद करतात. त्याने काम झटपट होते हे खरे. परंतु कापलेल्या कापडाचे धागे धुण्यात सुटतात आणि फायबर मागे अस्तरात उतरतो, म्हणून मला ती पद्धत पसंत नाही.

जोडणे आणि भरणे

हाताने शिवताना खरी अडचण अशी असते की भरलेले दोन फुगे एकमेकांसमोर धरले तर मध्ये सुई चालवायला जागा राहत नाही. ही अडचण क्रमाने सुटते. आधी ओळ जोडावी आणि मग भरावे. भरलेल्या ओळीला पुढची ओळ रिकामी असतानाच जोडावी आणि त्यानंतर ती भरावी. गवंडी जसा एक थर बसल्यावर त्याच्यावर दुसरा चढवतो, तसे हे काम वरून खाली वाढत जाते, आणि प्रत्येक जोडशिवणीच्या वेळी निदान एक बाजू सपाट मिळते.

तेव्हा पहिल्या ओळीचे आठ रिकामे फुगे घ्यावेत. पहिला आणि दुसरा सुलट बाजूंनी समोरासमोर ठेवून त्यांच्या कडा जुळवाव्यात, अर्ध्या इंचावर खडूची रेघ ओढावी आणि तिच्यावरून बारीक धावदोरा घालावा, इंचाला सात-आठ टाके. दर चार टाक्यांनंतर एक उलटी टीप द्यावी. हाताच्या शिवणीत एक दोरा तुटला की सगळी रेघ सुटते. मध्ये मध्ये उलटी टीप असेल तर उसवण तिथेच थांबते. सुरुवातीला आणि शेवटी नुसत्या गाठीवर विसंबू नये, दोन टाके एकाच जागी घ्यावेत. असे आठही फुगे जोडले की खालून उघड्या खिशांची एक पट्टी तयार होते.

आता भरण. स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर ४८ ग्रॅम फायबर घ्यावा आणि कागदावर त्याचे आठ सारखे ढीग करावेत. प्रत्येक ढीग सहा ग्रॅमचा झाला. तो तसाच आत ढकलू नये. बोटांनी त्याचे तंतू हलके सोडवून तो मोकळा करावा, कडा आत दुमडून सैल गोळा बांधावा आणि सबंध गोळा एकाच वेळी फुग्याच्या मध्यावर ठेवावा. चिमटीचिमटीने भरलेल्या फायबरच्या आत लहान गुठळ्या होतात आणि त्या हाताला खड्यासारख्या लागतात. कोपऱ्यांत भरण सारायचे नाही. कडेपासून पाऊण इंच जागा रिकामी राहिली तरच पुढची शिवण नीट होते.

भरलेला फुगा तळहातावर घ्यावा आणि अंगठ्याने मधोमध दाबून सोडावा. चांगला फुगा हलके दबतो, अंगठ्याखाली मांजरपाट जाणवतो न जाणवतो, आणि सोडताच तो पुन्हा वर येतो. दाबलाच जात नसेल तर भरण जास्त आहे, आणि दाबलेला खळगा तसाच राहत असेल तर कमी. जाड कापडाच्या फुग्याला एखादा ग्रॅम अधिक लागतो, एवढी सूट घ्यावी. त्याहून अधिक घेऊ नये, कारण नजरेला एकेक फुगा बरोबर वाटतो आणि ओळ पूर्ण झाल्यावर मात्र लहान-मोठे उठून दिसतात.

आठही फुगे भरले की उघड्या कडेचे उरलेले कापड त्याच दिशेच्या चुणीत, म्हणजे डावीकडे निजवून, पाव इंचावर बंद करावे. मग दुसऱ्या ओळीची रिकामी पट्टी घ्यावी, तिची वरची कड पहिल्या ओळीच्या खालच्या कडेला सुलट बाजूंनी भिडवावी आणि सर्वांत आधी उभ्या शिवणी एकमेकींसमोर आणून तिथे टाचण्या लावाव्यात. वाकळीत डोळ्यांना प्रथम दिसतो तो चार फुग्यांचा सांधा. तो जुळला तर मधला थोडा कमीजास्तपणा चुणीत सामावून जातो. पहिल्या ओळीच्या शिवणींची माया डावीकडे निजवावी आणि दुसऱ्या ओळीची उजवीकडे, म्हणजे सांध्यावर जाडी विभागली जाते. तिथे सुई ढकलायला अंगुस्तान लागतेच, आणि ओढताना बोटे घसरत असतील तर फुटलेल्या रबरी फुग्याचा तुकडा चिमटीत धरून सुई ओढावी. जोडून झाले की दुसरी ओळ भरावी, बंद करावी आणि तिसरी जोडावी.

दहा ओळी होईपर्यंत हाच क्रम चालू राहतो. पाचसहा ओळींनंतर वाकळ मांडीवर मावत नाही, तेव्हा ती जमिनीवर चादर टाकून त्यावर पसरावी आणि शिवायची कड तेवढी आपल्याकडे घ्यावी. आषाढ-श्रावणात साताऱ्यात हवा इतकी ओलसर असते की कापसाचे भरण करायचे असल्यास ते काम दिवाळीनंतरच काढावे; फायबरला ही अडचण येत नाही.

अस्तर

अस्तराचे कापड आधी कापून ठेवू नये. फुगे भरल्यावर वाकळ थोडी आत ओढली जाते आणि ३३ बाय ४१ इंच येईल असे गणिताने वाटले तरी प्रत्यक्षात ती किंचित कमी भरते. म्हणून तयार वाकळ अस्तराच्या कापडावर पालथी घालून तिच्या कडेनेच रेघ आखावी. अस्तराला जुने मऊ नऊवारी लुगडे किंवा धोतर यांच्यासारखे दुसरे काही नाही. ते अंगाला लागत नाही आणि कित्येक धुण्यांतून गेलेले असल्यामुळे आता आटतही नाही. विरलेला भाग उजेडासमोर धरून पाहावा आणि तेवढा वगळावा.

वाकळ आणि अस्तर सुलट बाजूंनी समोरासमोर ठेवून चहूबाजूंनी कच्चे टाके घालावेत. नंतर अर्ध्या इंचावर, येथे मात्र संपूर्ण उलटी टीप घालत, कडेने शिवत जावे आणि एका बाजूला दहा इंचांची फट ठेवावी. चार कोपऱ्यांवरची जास्तीची माया तिरपी छाटून, त्या फटीतून सगळी वाकळ हळूहळू उलटून बाहेर काढावी. कोपरे बोटाने ढकलून काढावेत. कात्रीच्या टोकाने ढकलले की शिवण फाटते. फट लपत्या हेम टाक्यांनी बंद करून कच्चे टाके काढून टाकावेत. कडेला वेगळ्या रंगाचा गोटही लावता येतो, पण जाड कडेवर हाताने गोट बसवणे नवशिक्याला अवघड जाते, म्हणून तो दुसऱ्या वाकळीसाठी राखून ठेवावा.

आता अस्तर फुग्यांना बांधायचे राहिले. नेहमीच्या वाकळीसारखा धावदोरा येथे घालता येत नाही, कारण तो फुगे दाबून टाकतो. त्याऐवजी चार फुगे जिथे मिळतात त्या सांध्यांवर गाठी माराव्यात. आपल्या दुपट्यात असे ६३ सांधे आहेत; एकाआड एक घेतले तरी पकड पुरेशी येते. दुहेरी मेणवलेला दोरा अस्तराकडून सांध्यात वर काढावा, अगदी जवळच पुन्हा खाली न्यावा, हेच एकदा आणखी करावे आणि अस्तराच्या बाजूला तीन वेळा गाठ घट्ट मारावी. दोऱ्याची टोके सुईत ओवून अस्तराच्या आत ओढून घ्यावीत, म्हणजे मुलाच्या बोटाला काही अडकणार नाही. काही ठिकाणी सांध्यावर बटणे लावतात. लहान मुलाच्या दुपट्याला ती लावू नयेत, कारण तुटलेले बटण तोंडात जाते.

धुणे आणि डागडुजी

घट बसण्याच्या आधी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे धुऊन काढण्याची आपली रीत आहे, आणि माझी ती बिघडलेली पहिली वाकळ संगम माहुलीच्या घाटावर इतर वाकळींबरोबर धोपटली गेल्यावर कापसाची जी अवस्था झाली ती मी विसरलेली नाही. ही वाकळ धोपटू नये आणि पिळूही नये. मोठ्या टबात गार पाणी आणि सौम्य साबण घेऊन ती दाबून दाबून धुवावी, पाणी हाताने दाबूनच काढावे आणि दोरीवर टांगण्याऐवजी खाटेवर किंवा दोन दोऱ्यांवर आडवी पसरावी. टांगली की ओले भरण खालच्या बाजूला उतरते. एक बाजू वाळली की उलटावी, आणि हाताला गार लागत असेल तोवर घडी घालू नये. ट्रंकेत ठेवताना सुकवलेला कडुनिंबाचा पाला घालावा आणि वाकळ सर्वांत वर ठेवावी. गाद्यांच्या डिगाखाली सहा महिने दबलेले फुगे पुन्हा पूर्वीसारखे उठत नाहीत.

एखादा फुगा फाटला तर सगळी वाकळ उसवण्याची गरज नाही. त्याच कापडाचा सहा इंचांचा चौकोन घ्यावा, चारही कडा अर्धा इंच आत दुमडून इस्त्री करावी, कडांच्या मध्यावर आधीच्याच दिशेने चुण्या घालाव्यात आणि तो फाटलेल्या फुग्यावर ठेवून भोवतालच्या शिवणींच्या खाचेत बारीक हेम टाक्यांनी बसवावा. नवे कापड जुन्याच मापात बसते, त्यामुळे ठिगळ लावल्यासारखे दिसत नाही. यासाठी प्रत्येक कापडाचे दोन-दोन चौकोन उरवून ते सहा इंचांच्या साच्यासह एका लिफाफ्यात घालावेत, लिफाफ्यावर वाकळ पूर्ण झाल्याची तारीख लिहावी आणि तो वाकळीच्या घडीतच ठेवून द्यावा.